पुदिन्याचा वास

बाचिच्चाला दुसऱ्याच्या बेसिलला पुदिन्याचा वास येत असे. कुणाच्याही. बाजारातल्या जुडीला येई, मुलीच्या सासरच्या कुंड्यांना येई, आणि शेजारच्या तेक्लाच्या वाफ्याला तर वारा उलटा असला तरी येई. इटलीतलं जेनोआ या तुळशीसारख्या पाल्यासाठी नावाजलेलं; तिथल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे भर चौकात त्याची अब्रू काढणं. बाचिच्चा ते रोज सकाळी बांधावर कॉफी पिता पिता म्हणायचा.

"तेक्ला, यंदा दात घासायची पेस्ट पेरलीस वाटतं!"

"नाक तपासून घे, मेल्या," म्हणत तेक्ला पाणी घालत राहायची. तिचा नवरा गेलेला, त्याची बायको गेलेली. गावाला वाटे, या दोघांचं जमावं. पण मध्ये बेसिल होतं.

बाचिच्चाने जन्मभर बंदरात ओझी उचलली. निवृत्त झाल्यावर त्याच राकट हातांनी तो करंगळीच्या नखाएवढी पानं खुडू लागला. पान त्याहून मोठं झालं की त्याच्या लेखी ते गवत. तुरा दिसला तर घरात चोर शिरल्यासारखा ओरडायचा. त्याच्यापुढे मिक्सरचं नाव काढायची सोय नव्हती. संत जोव्हान्नीच्या सणाला मिरवणुकीनंतर सगळं गाव चर्चच्या अंगणात जेवतं. त्या दिवशीचा पेस्टो, म्हणजे बेसिलची चटणी, बाचिच्चाच्या संगमरवरी खलातला, त्याच्या हातचा. आधी तो त्याच्या बापाच्या हातचा असायचा.

यंदा मात्र सणाचा कारभारी एर्मेते याने पुडी सोडली होती. "काका, वय झालं तुमचं. कशाला एवढं कुटत बसता? दुकानातून बाटल्या आणू. यंदा जरा जरी कमी पडलं, तरी सांगा. गाडी काढतो आणि आणतो."

बाटलीतला पेस्टो! बाचिच्चाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकदा का बाटल्या आल्या की त्या कायमच्या आल्या, आणि मग आपल्याला या गावात कोण विचारतो, या भीतीने तो हैराण झाला. एर्मेतेची बोलती बंद करायची असं ठरवून सणाच्या सकाळी त्याने बेसिल लावलेल्या सगळ्या पेट्या बागेतून उचलल्या आणि वाटेकडेच्या बुटक्या भिंतीवर ओळीने मांडल्या. मिरवणूक तिथूनच जायची होती.

मिरवणूक आली. पुढे येशूची मूर्ती असलेला, चांदीच्या फुलांचा भलाथोरला क्रूस, एकट्याने कमरेच्या चामडी पट्ट्यावर पेलायचा. यंदा तो मान पाववाल्या जाचिंतोचा होता. भिंतीशी येताच जाचिंतोची मान वळली. एवढं बेसिल पाहून कुणाची वळली नसती? क्रूस कलला. "धरा, धरा!" करत माणसं भिंतीवर चढली आणि पेट्या त्यांच्या बुटांखाली गेल्या.

"अरे, बेसिल सांभाळा!" बाचिच्चा किंचाळला.

फादर जागीच थांबले. "बाचिच्चा, इथे येशू पडतोय."

"त्याला पाच जणांनी धरलंय, फादर! याला कोण धरणार?"

येशू वाचला. बेसिलचा चिखल झाला. बाचिच्चा पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. मिरवणूक पुढे सरकली, तेव्हा एर्मेते खिशात गाडीची किल्ली चाचपत होता.

कमरेवर हात ठेवून तेक्ला बांधापलीकडून सगळं बघत होती. बाचिच्चा डोळे पुसून तिच्या फाटकाशी गेला.

"तेक्ला, तुझं बेसिल..."

"त्याला पुदिन्याचा वास येतो."

"दे ना गं. पाया पडतो हवं तर."

"पडशील, मग उठवणार कोण? घे उपटून. मुळासकट, हलक्या हाताने." ती वाफ्यातून बाजूला झाली. "पण आज जेवताना मी तुझ्यासमोर बसणार."

घरी येऊन त्याने लसूण आणि मीठ कुटलं, मग पानं टाकली. वास वर आला. बाचिच्चाने खलात नाक खुपसून पुदिना शोधला. मग चिलगोजे घातले, चीज घातलं, ऑलिव्हचं तेल सोडलं आणि पुन्हा शोधला. नव्हता. इतकी वर्षं आपण या बाईला उगाच बोललो, हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी अंगणात ताटल्या चाटूनपुसून साफ झाल्या. पावाच्या तुकड्याने शेवटचा थेंब टिपत एर्मेते म्हणाला, "काका, मानलं! बाटल्या रद्द. तुडवलेल्यातूनही एवढं वाचवलंत! तुमच्या बेसिलला तोड नाही."

टाळ्या पडल्या. बाचिच्चा मान खाली घालून पाव कुस्करत राहिला. समोर बसलेल्या तेक्लाने काटा ठेवला आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरा झालाय. जरा पुदिन्याचा वास येतोय, एवढंच."

सगळी नाकं ताटल्यांवर वाकली.

"आता म्हणालात तर येतोय खरा," जाचिंतो म्हणाला.

"मलाही आला," एर्मेते म्हणाला. "पुढच्या वर्षी बाटल्यांचं बघू या का?"

बाचिच्चा उठला. खुर्ची मागे पडली. "पुदिना? या बेसिलला? नाकं आहेत का बटाटे? अख्ख्या डोंगरात असं बेसिल नाही! माझ्या बापालासुद्धा असं जमलं नव्हतं!"

"स्वतःचं किती कौतुक, काका!"

"माझं नाही ते!" बाचिच्चा ओरडला. "माझं सकाळी तुम्हीच तुडवलंत. हे तेक्लाचं आहे!"

सगळ्यांच्या माना तेक्लाकडे वळल्या.

"फादर, ऐकलंत ना?" तेक्लाने ताटली पुढे केली. "तुम्ही साक्षीला आहात. वाढ रे अजून थोडा."

बाचिच्चाने वाढला. त्याचे कान लाल झाले होते.

"आणि उद्या सकाळी बांधावरून काय म्हणणार?" तिने विचारलं.

त्याने चमचा खलात ठेवला. "कॉफी घ्यायला ये म्हणेन."

"येईन," तेक्ला म्हणाली. "पण तुझ्या कॉफीला चिकोरीचा वास येतो."