ओव्हरटाइमची गोळी

भिवाला फिट येते, हे भोसरीत दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि त्याच्या बायकोला, कस्तुराला. जिंतूरकडून पोटामागं आलेला हा माणूस. पॉवर प्रेसवर पत्रा दाबता दाबता डोक्याचे केस पिकले. पण प्रेसवाल्याला फिट येते म्हटल्यावर त्या स्टुलावर त्याला कोण बसू देईल? म्हणून तो गोळ्यासुद्धा भोसरीत घेत नसे. पिंपरी कॅम्पातल्या मेडिकलमधून आणायचा, रुमालात गुंडाळून. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट म्हणून आली नव्हती.

या खेपेला मात्र डबी वेळेआधीच रिकामी झाली. रात्रीची गोळी हुकली, सकाळचीही हुकली. दुपारी सेकंड शिफ्ट. डाव्या हाताचा अंगठा मधूनच आपोआप उडत होता. पूर्वी फिटच्या आधी असाच उडायचा.

"आज खाडा करा," कस्तुरा म्हणाली.

"गोळी घेतो अन् तिकडूनच कामाला जातो," म्हणत त्यानं चपला घातल्या.

मेडिकलच्या काउंटरवर वर्षाली होती. तिनं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली.

"काका, हिची मुदत संपलीय. आणि मागच्या गोळ्या अजून शिल्लक असायला हव्या होत्या. कुणाला दिल्या का?"

"नाई हो, मीच खाल्ल्या."

"सकाळ-रात्र एकेकच ना?"

"ओव्हरटाइम लागला की मधी एक जास्तीची घेतो," भिवा सहज बोलून गेला. "डबल शिफ्टला मशीनला तेल जास्त लागतं. माणसाला लागू नये का?"

वर्षालीनं हसू गिळलं. "गोळीला ओव्हरटाइम नसतो, काका. जास्त घेतली तर त्रासच होतो, आणि संपल्यावर हे असं होतं. डॉक्टरांकडे जाऊन नवी चिठ्ठी आणा."

"दवाखाना बंद हाय. लग्नाला गेलेत म्हणं नाशिकला. दोन-चार तरी द्या, बाई."

"अशा नाही देता येत." ती फोनकडे वळली. "थांबा, त्यांनाच विचारते."

नाव, गोळी, हुकलेल्या वेळा, सगळं तिनं डॉक्टरांना सांगितलं. मग फोन कानापासून जरा दूर धरला. "काम काय करता, विचारतायत."

"पॅकिंगला हाय."

काचेवर ठेवलेला त्याचा अंगठा उडाला. वर्षालीनं तो पाहिला आणि फोन तसाच धरून ठेवला. शेजारचं गिऱ्हाईक मोबाइलमध्ये गुंगलं होतं.

"प्रेसवर हाय," तो म्हणाला. फिट ठाऊक असलेल्या परक्या माणसापुढं हे दोन शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाले होते.

पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मग मोबाइलवर नवी चिठ्ठी आली, ते परत येईपर्यंत पुरेल एवढीच. "एक आत्ता इथंच घ्या," पाण्याची बाटली पुढं करत वर्षाली म्हणाली. "आणि ते तपासत नाहीत तोवर प्रेसवर बसायचं नाही. हे सांगच म्हणालेत."

बसमध्ये बसल्यावर भिवाच्या मनात आलं, गोळी पोटात गेली, आता कुणाला काय कळणार? सांगितलं तर स्टूल जाणार. झाडू मारायला लावतील, नाहीतर घरीच बसवतील. न सांगता इतकी वर्षं निभावलंच की. मग त्याला प्रेसवर त्याच्या हाताखाली काम करणारा गणराज आठवला. पोरगा अडकलेला तुकडा काढायला साच्यात बेधडक हात घालतो. त्या वेळी पेडलपाशी पाय भिवाचा असतो. तो पाय आपोआप उडून प्रेस खाली आला तर?

मग वर्कशॉप येईपर्यंत त्यानं दुसरा विचार केला नाही.

सुपरवायझर दौलतराव दारातच तंबाखू मळत होते. "काय भिवाभाऊ, आज लवकर? घरातनं हाकललं व्हय?"

"मला आज प्रेसवर बसवू नका."

"का? स्टूल टोचाया लागलं?"

"मला फिट येते."

दौलतरावांचा अंगठा तळहातावर थांबला. "कवापासनं?"

"इथं लागायच्या आधीपासून."

"आन् आमाला इतकी वर्सं पत्ता न्हाई."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?"

मळलेली तंबाखू दौलतरावांनी तशीच टाकून दिली. "आज तपासणीच्या टेबलावर बैस. मालकास्नी मीच सांगतो. काय म्हनत्याल, ते माझ्या हातात न्हाई."

भिवा टेबलापाशी बसला. समोरच्या ढिगातून वाकडे तुकडे वेगळे काढू लागला. पाठीमागं त्याच्या प्रेसवर दुसरंच कुणी बसलं. ठोका जरा घाईचा पडत होता. भिवाच्या जिभेवर 'हळू' आलं, पण त्यानं मान वळवली नाही.