पिझ्झाच्या हॉटेलात मुलीचा बाप

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि त्यात मुलाकडच्यांची काहीही चूक नव्हती.

सुजातानं घरी पोह्यांचा कार्यक्रम करायला साफ नकार दिला होता. म्हणाली, दारव्ह्यात बस स्टँडजवळ पिझ्झाचं हॉटेल झालंय, तिथेच भेटू. मुलगा यवतमाळला लॅबमध्ये कामाला. त्याचा फोटो पाहून तिचा चेहरा उजळला होता. (आधीचे तीन फोटो तिनं उलटेच ठेवले होते.) हे स्थळ हातचं जाईल या धास्तीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यात पिझ्झा आम्ही कधी खाल्लेला नव्हता. तो कसा खातात, असं मी नववीच्या वर्गात सहज विचारलं. मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे उत्तर आलं, "इटली."

मुलगा आणि त्याची आई वेळेवर आले. वडील पांढरकवड्याहून एसटीनं परस्पर येणार होते; त्यांना मी फक्त फोटोत पाहिलं होतं. (फोटोत मिशी होती.) त्यांची वाट न बघता सुरू करू, असं मुलाची आई म्हणाली. जयभीम झाला, मंडळी बसली. मी मात्र बसलो नाही. पाहुण्यांच्या पोटात चार घास गेल्याशिवाय मुलीच्या बापानं बूड टेकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पिझ्झा येताच मी वेटरच्या हातातून थाळी घेतली, खांद्यावर रुमाल टाकला आणि आग्रह करकरून वाढू लागलो. मुलाच्या आईनं हात आडवा धरला, तर मी बोटांच्या फटीतून तुकडा सरकवला. सुजाता डोळे वटारत होती.

शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मला पाणी मागितलं. पाहुण्यांसमोर वाद नको, म्हणून दिलं. मग तिच्या नवऱ्यानं सॉस मागितला. मागच्यांनी टेबल पुसायला सांगितलं. मी पुसलं! खरा वेटर काउंटरला टेकून कौतुकानं बघत होता.

तेवढ्यात एक सफारीवाले, बिनमिशीचे गृहस्थ आत शिरले आणि थेट माझ्याकडे आले. आता हाही काहीतरी मागणार! माझं डोकं सरकलं.

"जागा नाही. भायेर थांबा. आवाज देतो, मंग या."

तीस वर्षांत माझं पहिल्यांदाच कुणी मुकाट्यानं ऐकलं. मुलाच्या आईची दाराकडे पाठ होती, आणि मुलगा सुजाताशिवाय कुठेच बघत नव्हता.

वीस मिनिटं गेली. पिझ्झा गार, गप्पाही गार. वडिलांना स्थळ पसंत नाही, ते अर्ध्या वाटेतून परत गेले, अशी माझी खात्रीच झाली. शेवटी मुलानं फोन स्पीकरवर लावला.

"बाबा, कुठी आहा तुमी?"

"भायेरच उभा आहो. एक वेटर आत येऊच देऊन नाही राह्यला. लय खतरनाक माणूस आहे."

सगळ्यांनी खऱ्या वेटरकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी धावत बाहेर गेलो आणि हात जोडून कसाबसा बोललो, "मी मुलीचा बाप आहो." ते असे हसत सुटले, की डोळे पुसायला त्यांनी माझ्याच खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला. (त्यानंच मी टेबल पुसलं होतं, पण एका दिवसात दुसरी कबुली द्यायची माझी हिंमत नव्हती.)

लग्न ठरलं. देणंघेणं नको, मानपान नको. व्याह्यांनी एकच अट घातली: स्वागताला मंडपाच्या दाराशी कोणालाही उभं करा, फक्त मुलीच्या बापाला नको.