पंक्चर झाली तीच गाडी

घटस्फोटाचे दावे चालवणाऱ्या वकिलाकडं नुसती रडगाणी असणार, असं लोकांना वाटतं. कसलं काय! सांगलीत बावीस वर्षं मी हेच काम करतेय. निकाल लागला की फाईल कपाटात जाते, पण पक्षकार जे बोलून जातात ते डोक्यातनं जात नाही. चहाला चार वकील जमलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू!

* * *

कुपवाडचा एक वेल्डर आला आणि टेबलावर स्टॅम्पपेपर आपटला. त्यावर नवरा-बायकोच्या सह्या, खाली गावातल्या पाच जणांच्या.

"काडीमोड झालाय मॅडम. तुमी फकस्त शिक्का मारा."

म्हटलं, "दादा, असा कागद लिहून घटस्फोट होत नाही. तो कोर्टच देतं."

गडी तापलाच! "आन् लग्नात कुटं हुतं कोर्ट? जेवायला तरी यायचं!"

* * *

आटपाडीकडच्या एका बाईचा नवरा उठता-बसता शिव्या घालायचा. तिनं छळाचा दावा लावला. साक्षीदार कोण, तर म्हणाली, "सासूबाई!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, ती त्याची आई! आपल्या बाजूनं बोलेल का?"

तारखेला म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली आणि लेकाकडं बोट करून म्हणाली, "सायेब, सून बोलती ते समदं खरं हाय. हिचं झालं की मला बी ह्याच्यापासनं सोडवा!"

* * *

पण माझी सगळ्यात लाडकी केस रेश्मा आणि संदीपची. संदीप कुपवाडला लेथवर कामाला. रेश्मा सव्वा वर्ष माहेरी, तासगावला राहत होती.

"मारतो का? पितो का?" मी विचारलं.

"छ्या! माणूस लय चांगला हाय मॅडम. पण माझं कायसुदिक ऐकत न्हाई. मी तोंड उघडलं की ह्यांचा मोबाईल चालू!"

म्हटलं, 'ऐकत नाही' हे कारण कायद्यात नाही. दोघं राजी असाल तर कारण लागत नाही. वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, अर्ज दोघांनी मिळून करायचा, मग सहा महिने थांबून पुन्हा जजसाहेबांसमोर 'हो' म्हणायचं.

"उद्याच आणते राजी करून," म्हणाली. आणलाच की! संदीपनं मान खाली घालून सही केली.

* * *

पहिल्या तारखेला दोघंही तासभर उशिरा. साहेबांनी संदीपला विचारलं, "उशीर का?"

"गाडी पंक्चर झाली साहेब."

मग रेश्माला विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मी त्याच गाडीवर हुते!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं. संदीप घाईघाईनं म्हणाला, "वेगळंच राहतोय साहेब! एष्टीला गर्दी असती, हिची तारीख चुकू नये म्हणून तासगावला जाऊन घेऊन आलो."

* * *

कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी संदीपला चांगलं फैलावर घेतलं. "रोज हिला फोन करायचा. तुम्ही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं!"

महिन्याभरानं रेश्मा फणफणत माझ्या ऑफिसात. "मॅडम, फोन करत्यात आणि मुक्यागत बसत्यात! मी पाऊण तास बोलले, ह्यांचा आवाज न्हाई!"

मी संदीपला फोन लावला. तो म्हणाला, "बाईंनी तसंच सांगितलंय की! मधी मधी हुं म्हटलं तर चालतंय का, तेवढं विचारून सांगा."

* * *

सहा महिने संपले. शेवटची तारीख. दोघं 'हो' म्हणाले की संसार संपला. खरं सांगते, ही केस मला जिंकायची नव्हती.

साहेबांनी संदीपला विचारलं, "संमती स्वतःच्या मनानं देताय ना?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मग सही का केली?"

"हिनं सांगितलं म्हणून."

"बायको सांगेल ते सगळं करता?"

"आता करतोय साहेब. सहा महिनं रोज ऐकतोय, मग कळाय लागलं. आता बी हिनं हो म्हणा म्हटलं तर हो म्हणतो, न्हाई म्हणा म्हटलं तर न्हाई."

सगळ्यांच्या माना रेश्माकडं वळल्या. तिनं डोळे पुसले आणि भर कोर्टात त्याच्यावर खेकसली, "आवं, मग म्हणा की न्हाई!"