विहीर हवी असलेला माणूस

आम्ही दिवेआगरला वाढलो तेव्हा आमच्या पाखाडीत म्हणजे आळीत एकच व्हिडिओ होता, कुवेतहून परतलेल्या एका शेजाऱ्याकडे. त्याच्याकडच्या कॅसेटी बहुतेक इंग्रजी. माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो अगदी पुढे बसायचा आणि मान वळवून मला एकेका वाक्याचा अर्थ सांगायचा. त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला पुढे स्वतः इंग्रजी शिकल्यावर कळलं. तोवर तो सांगेल ते मी खरं धरून चालले होते.

त्याला नायक कधी आवडलेच नाहीत. त्याचा सगळा जीव खलनायकावर. आपल्याकडचा खलनायक कसा, डोळे वटारणार, गडगडाटी हसणार, दहा माणसं पाळणार. साहेबांच्या सिनेमातला तसा नसायचा. तो हात स्वच्छ धुऊन जेवायला बसायचा. नायकाला खुर्ची द्यायचा, ग्लासात काहीतरी ओतायचा, आवाज मुळीच चढवायचा नाही. "बघ बाय," भाऊ म्हणायचा, "ह्याला म्हणतात माणूस. ओरडतो तो हरतो." मला त्या माणसाची भीती वाटायची ती नेमकी त्याच्या गोड बोलण्याची. आई म्हणायची तसं, गोगलगाय आणि पोटात पाय.

घोड्यांचे सिनेमे आम्ही सर्वांत जास्त पाहिले. त्यांतला खलनायक एक जाडा, कोट-टोपीतला जमीनदार असायचा आणि त्याला नेहमी कुणाची तरी विहीर हवी असायची. एवढं मोठं रान त्याच्याकडे, हजार गुरं, तरी त्या एका बाईच्या खोपटाजवळची विहीर बघितली की त्याला झोप यायची नाही. आम्ही कोकणातली पोरं, आम्हांला त्यात नवल वाटायचं. विहीर तर प्रत्येकाच्या नारळी-पोफळीच्या वाडीत असतेच, त्यासाठी माणसं मारायची काय गरज, असं मी विचारलं होतं. भाऊ म्हणाला, पाणी ज्याचं त्याची वाडी. ते वाक्य सिनेमात नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले आणि म्हसळ्याच्या अलीकडच्या एका भातगावात लग्न करून दिली गेले. वाचनाचं वेड तिथेही सुटलं नाही. जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या. त्यांतले खलनायक तर घोड्यावर बसायचेही कष्ट घेत नाहीत. ते घरातलेच असतात. काका, पालक, दूरचा भाऊ. पोरक्या मुलीला दिवाणखान्यात बोलावतात, तिची तब्येत विचारतात आणि कागद पुढे सरकवतात. इथे सही कर, बाकी मी बघतो. मी वर्गात तावातावाने सांगायचे, मुलींनो, न वाचता कशावर सही करू नका. चाळीस पोरी माना डोलवायच्या. अशी मी शहाणी.

वादळ आलं त्या वर्षी आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. आईवडील तोवर गेलेले. भावाचा फोन आला. त्याचा आवाज खरंच रडवेला होता, ते मी आजही नाकारत नाही. म्हणाला, बाय, वाडी पुन्हा उभी करायची तर कागद एका नावावर हवेत, चार ठिकाणी सह्यांना कुठे फिरायचं. मी गेले.

आमच्याकडे रीतच आहे. बहिणीने हिस्सा मागायचा नाही. हक्कसोड लिहून द्यायची, भावाने साडी नेसवायची, भावजयीने ओटी भरायची, आणि सगळ्यांनी म्हणायचं की माहेरचा उंबरा शाबूत राहिला. हिस्सा घेतला तर गणपतीला बोलावणं यायचं बंद होतं, हे कुणी बोलून दाखवत नाही पण प्रत्येक पोरीला ठाऊक असतं. कचेरीतल्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. त्या बाकावर मी पूर्वीही एकदा बसले होते, ते सांगेन. भावाने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे." मी सही केली. वाचलं नाही. भाऊ शेजारी बसलेला असताना कागद वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं.

हिरवी साडी मिळाली. चांगली होती, खोटं कशाला बोलू.

निवृत्त झाले, नवरा गेला, आणि मला एकाएकी वाडीत राहावंसं वाटू लागलं. फार नाही, विहिरीजवळ दोन खोल्या. त्या विहिरीत आईने मला पाठीला सुके नारळ बांधून पोहायला शिकवलं होतं. विहिरीच्या काठावर बसून आई दुपारी पोफळींना पाणी सोडायची आणि मी पाटाच्या तोंडाशी माती ओढायचे. आयुष्यात दुसरी कुठली जागा मला माझी वाटली नाही. मनाशी म्हटलं, भाऊ आहे, कशाला नाही म्हणेल.

गेले तर वाडीत पर्यटकांच्या सहा खोल्या उभ्या होत्या. विहिरीवर जाळी, जाळीखाली रंगीत दिवे, बाजूला झोपाळा. पुण्याची कुणी मंडळी तिथे फोटो काढत होती. भावाने मला सावलीत खुर्ची दिली. स्वतः हात धुऊन आला आणि समोर बसला. मी माझं म्हणणं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाय, तू सही केलीस ना?" तो म्हणाला.

"केली."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही. पण दादा, तू म्हणालास वाडी उभी करायची आहे."

"मग उभीच केली की." त्याने भावजयीला हाक मारली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "चहा घे."

मला इतका संताप आला की कप फेकावा. इंग्रजी सिनेमातला खलनायक निदान शेवटी सगळं बोलून दाखवतो. नायकाला बांधून घालतो आणि सांगतो, मी हे असं केलं, या कारणासाठी केलं, तुला फसवायचं कधी ठरवलं. लहानपणी आम्ही त्याला हसायचो, मेल्या, बडबड कशाला करतोस, गोळी घाल. आता कळलं, ते भाषण म्हणजे केवढी मोठी मेहेरबानी. माझ्या भावाने तेवढीही केली नाही. मी चहा प्यायले. साखर बरोबर होती, त्याला माझी चव आठवत होती.

परतताना एसटीत मी त्याला मनातल्या मनात एकेका सिनेमात बसवत होते. त्या जमीनदाराच्या जागी, त्या पालकाच्या जागी. सगळीकडे चपखल बसत होता. लबाड, कोडगा, आतल्या गाठीचा. घरी पोचेपर्यंत मला बरंसुद्धा वाटू लागलं होतं.

त्यानंतर महिनाभराने माझी नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, सहीपुरतीच अक्षरं शिकलेली, मुंबईत दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करून जन्म गेला. नवरा नाही, मूलबाळ नाही, चाळीतली खोली सासरच्या पुतण्याने घेतली. जेवण झालं, भांडी तिनेच घासली, मग पदराला हात पुसत म्हणाली, "वयनी, मागल्या परसात फणसाखाली येक खोली घालीन म्हन्ते. माजी मी ऱ्हाईन. तुमाला तरास न्हाय."

मी म्हटलं, "वन्सं, जागा आता माझ्या मुलाच्या नावावर आहे. तुम्ही सही केली होतीत ना?"

"व्हय. केली व्हती."

"कुणी जबरदस्ती केली होती का?"

हे माझ्या तोंडून कुठलीही अडचण न येता बाहेर पडलं. तिने वर पाहिलं. रागाने नाही. आठवल्यासारखं.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमीच बोट ठेवलं व्हतं नव्हं, इथं म्हनून."

ठेवलं होतं. सासरे गेले त्या वर्षी, त्याच कचेरीत, त्याच बाकावर. नवऱ्याला बहिणीपुढे बोलायला लाज वाटत होती, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. शिकलेली ना मी. सकाळी पुरणपोळी केली. साडी स्वतः निवडली, जांभळी, तिला खुलेल अशी. ती म्हणाली होती, वयनी, वाचून दाखवा जरा. मी म्हटलं, त्यात काय वाचायचं, आपल्याच घरातलं आहे. तेव्हा माझ्या उशाशी तसलीच एक कादंबरी उघडी पडली होती. काका पोरक्या मुलीकडून सही घेतो त्या पानापर्यंत आले होते आणि त्या काकाला मी शिव्या घालत होते. मला तेव्हा काही खटकलं नाही. आज खटकतं तेही भावाने माझं घेतल्यामुळे, नाहीतर जन्मात खटकलं नसतं.

तिला मी काय म्हणाले सांगू? म्हटलं, "चहा घ्या." तिने घेतला. कप विसळून पालथा घातला, पिशवी उचलली आणि तीनच्या गाडीने गेली. दारात माझ्या पाया पडली, मी वयाने मोठी म्हणून.

साहेबांचे सिनेमे पाहून मी एक गोष्ट मात्र चुकीची शिकले. तिथे खलनायकाला आपण खलनायक आहोत हे माहीत असतं. इकडे प्रत्येकाला वाटतं विहीर आपलीच होती. तिला मी जे सांगायला हवं होतं ते इथे सांगून टाकलं आहे, भाषण म्हणा हवं तर. तिला वाचता येत असतं तर कदाचित लिहिलंही नसतं.

फणसाखालची जागा अजून आमच्याकडेच आहे. मुलाने नवी गाडी घेतली, ती तिथे असते. पावसात फणस वरून पडतात म्हणून गेल्या महिन्यात पत्र्याची शेड घातली. पत्रा कुठल्या रंगाचा घालायचा, ते मीच ठरवलं.