आज्जाच्या हाकंतला खोकला

मला कुणाचाबी आवाज काढाय येतोय. डेअरीत माईकवर ओरडणारा काका, मी शाळंत हुतो तवाचे गुर्जी, भाजीवालीशी भांडणारी आमची आई, सगळी माझ्या घशात बसल्यात. म्हणून घरात मला सोंगाड्या म्हणत्यात.

यंदा पावसाळ्यात आज्जाचा घसा बसला तो उठलाच न्हाय. बोलला की निस्ती हवा. आन् दिवाळीचा पाडवा तोंडावर. पाडव्याला आमच्याकडं म्हशींची सगर निघती. शिंगं रंगवायची, गोंडं बांधायचं, मालक फटफटीवर पुढं आन् म्हस मागनं पळत. दावं धरायचं न्हाय. निस्त्या हाकंवर आली तर मालकाची मान ताठ. थांबली तर गल्ली हसती. आज्जाची म्हस कधी थांबली न्हवती.

"यंदा ऱ्हाऊ दे," आज्जा कुजबुजला. "हाकच न्हाय तर मालक कसला?" भाकरीबी तशीच ताटात ठेवली.

म्हटलं, "आज्जा, तू मागं बस. हाक मी मारतो की!"

मग गोठ्यात शिकवणी सुरू. आज्जा डोळं मिटून सांगाय लागला. "मी एवढासा हुतो. बा सायकलीवर, मी पुढं दांडीवर. बा हाक मारायचा आन् मला वाटायचं, समदं कोल्हापूर माझ्याच मागनं पळतंय. पुढं सायकल माझी झाली, हाकबी माझी झाली. तरणा हुतो तवा हाक नदीपल्याड जायची. तशी मार. खणखणीत!"

मारली. "हूऽऽर्र... ये गं बाय, येऽऽ!" पत्रा हलला. शेजारची काकू पळत आली, "आगं बया, म्हातारा बरा झाला व्हय?"

म्हशीनं कान हलवला आन् परत वैरणीत तोंड घातलं. आणखी मारली. ढिम्म.

"इसरली मला," आज्जा म्हणाला. त्याच्याकडं बघवंना.

तवा मला आठवलं. आज्जाची खरी हाक कुठं खणखणीत हुती? जरा फाटकी, शेवटाला बिडीचा खोकला आन् वर "आई गंऽ". हीच नक्कल करून मी त्याची चप्पल खाल्लेली. आता त्याच्या तोंडावर परत करायची म्हणजे चप्पल ठरलेलीच. पर केली. फाटक्या आवाजात हाक मारली, खोकलो, "आई गंऽ" केलं.

म्हशीनं वैरण सोडली. मला ओलांडून गेली आन् आज्जाच्या मांडीला नाक घासाय लागली.

आज्जा किती तरी वेळ तिच्या कपाळावर हात फिरवत बसला. मग हसला. "व्हय की रं! हिनं मला तरणा कवा बघितलाय? ही आली तवाच मी म्हातारा हुतो."

पाडव्याला गाडीवर पुढं मी, मागं फेटा बांधून आज्जा. मी हाक मारली, खोकलो. म्हस पायातलं चाळ वाजवत मागनं पळत आली, दोन्ही बाजूला पोरांचा निस्ता गलका.

चौकात गाडी बंद केली. आज्जानं मागनं माझ्या खांद्याला धरलं. "आधी दांडीवर बसलो, मग सीटवर, आता हितं," तो कानात म्हणाला. "बरं हाय हितनंबी. म्हस जवळ दिसती."

आन् खांद्यावर थाप मारून, "पर सोंगाड्या, खोकला कमी कर. एवढा काय म्हातारा झालो न्हाय मी."