रोवण्याच्या ओळीतली माझी जागा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चार वर्षं चंद्रपूरला नवऱ्याच्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये बसून खाल्लं आणि ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा अंग चांगलंच सुटलं होतं. धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, गेले तर चिखलातून पाय निघेना. आता रोवणा असतो उलट्या चालीचा. साऱ्या बाया रोवत रोवत मागं सरकल्या, न मी एकटीच पुढं उरले! ओळीची म्होरकी म्हणाली, "बाई, तू धुऱ्यावर बस न रोपाच्या पेंढ्या फेक. हे तुले झेपत नाई आता."

बांधावर बसून पेंढ्या फेकणं म्हणजे पोराटोरांचं काम. तिथंच ठरवलं, पुढच्या रोवण्याला मी ओळीतच असणार.

मग काय, जेवणच सोडलं. दिवसाला वाटीभर पेज. सासूला संशय आला. आम्ही धम्मदीक्षा घेतलेले, उपासतापास केव्हाच सोडलेले. तिनं दारातच गाठलं. "काऊन वं, कोणत्या देवाचा उपास करून राह्यली चोरून?"

"देवाचा नाई, आत्याबाई, वजनाचा!"

वजन उतरलं न मधेच थांबलं. अंग गार पडायचं, पाण्याचा गुंड उचलवेना. धानकापणीत पोटभर जेवू लागले, तर उतरलेलं सारं परत अंगावर!

पुतणी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात विज्ञान शिकायची. तिच्यापुढं रडले. ती म्हणाली, "काकू, अंगातल्या बारक्या बारक्या पेशींत चुली असतात. खाल्लेलं तिथी जळते, तवा ताकद येते. तू सरपण तोडलं, त्यांनी जाळ कमी केला. मंग एकदम खाल्लं, ते साठून राह्यलं."

"मंग चुली वाढवाव्या कशा?"

"कामानं. हातपाय रोज राबव, त्या वाढतेत. न उपाशी राहू नोको."

भात कमी केला, वरण-भाजी वाढवली. रोज पहाटे दूरच्या विहिरीवरून दोन गुंड पाणी आणू लागले. वजन इतकं हळू उतरे की मीच वैतागायची. पण एक दिवस खाडा केला नाही.

पुढच्या रोवण्याला ओळीत उभी राहिले. म्होरकी म्हणाली, "पाहू, किती येळ टिकते." कंबर मोडून निघाली, पण सगळ्यांबरोबर मागं सरकत धुऱ्याला टेकले. रोवणा संपेपर्यंत रोज टेकले.

संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गुंड उचलला, तर सासू म्हणाली, "आता कायले? झाला ना रोवणा."

"आत्याबाई, पुढच्या साली पुन्हा आहे ना!" म्हटलं, न निघाले.