मामांच्या नाकातला गुलाश

जर्मन सरकारने कुत्र्यावर कर बसवला, चर्चवर बसवला, छपरावरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचेही पैसे लावले. उत्साहावर मात्र अजून काही लावलं नाही, आणि केवळ म्हणूनच आमच्या हिचे मामा आजवर दिवाळखोरीतून वाचले आहेत. माणूस मूळचा पुण्याचा, नोकरीने जर्मनीतल्या गेर्लिंगेनचा इंजिनिअर, आणि कुठलीही गोष्ट थोडक्यात करायची नाही असा पण केलेला. तिकडे जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी असते. मामांची पाळी आली की ते अख्खी गल्ली झाडून काढत, आणि मग आठवडाभर आजूबाजूच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे नापसंतीने बघत. पुण्याहून कोणी आलं की विमानतळावरून घरी नेताना वाटेत गाडी थांबवून त्याला आधी रिकाम्या बाटल्यांच्या टाक्या दाखवायच्या. "आल्झो, हे बघ! पांढरी काच वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी!" लग्नानंतर आम्ही डार्मश्टाटहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मलाही हे दर्शन घडलं. मी भिडेखातर दोन बाटल्या योग्य टाकीत टाकल्या, तेव्हापासून मी लाडका जावई.

मामा कट्टर शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे विचारून विचारून त्यांनी गावातल्या बेकरीवाल्या बाईला रडकुंडीला आणलेलं. पण हे सगळं जिभेपुरतं; नाक मात्र सर्वभक्षी! शेजारच्या बागेत एक म्हातारं जोडपं होतं. मामा त्या आजोबांना 'हेर नाखबार', म्हणजे शेजारीबुवा, म्हणत आणि तेही मामांना तेच म्हणत. एकमेकांची नावं त्यांना आठवत होती की नाही कोण जाणे. दर शरदात आजी बागेत निखारे पेटवून तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात बीफचा गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, शिजत ठेवायच्या, चांगली बाटलीभर लाल वाईन ओतून. दिवसभर तो रटरटत असे. आणि मामा? मामा कुंपणाला खुर्ची लावून, मांडीवर पोळीभाजीचा डबा घेऊन, डोळे मिटून बसत. "हां, कांदा लाल झाला! आता वाईन पडली! आता तमालपत्र!" आजी खुदुखुदु हसून पलीकडून म्हणायच्या, "गेनाऊ! अगदी बरोबर!" मामी कपाळाला हात लावत. "अहो, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये म्हणतात. तुम्ही तर थेट पातेल्यात खुपसता!"

मग एका हिवाळ्यात आजी गेल्या. पुढच्या शरदात आजोबांच्या मुलाने त्यांना म्युनिकला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं. आम्ही त्या वेळी मामांकडेच होतो. आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले, जायच्या आधी एकदा तिच्या हातचा गुलाश खायला हवा होता. दोन हॉटेलांत खाऊन पाहिला, पण तो नव्हे. मुलाला येत नाही, आणि कसा करायचा ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

"मी करतो!" मामा म्हणाले.

मामींच्या हातातली बशी खाली पडली. ज्या माणसाने आयुष्यात चहासुद्धा स्वतः केला नाही, तो बीफचा गुलाश करणार! तासभर खडाजंगी झाली. शेवटी मामींनी अटी घातल्या: भांडं, पळी, सगळं शेजारचं, घरात काही येणार नाही, आणि नंतर आंघोळ केल्याशिवाय दारात पाऊल नाही. एवढं बजावून झाल्यावर त्यांनीच मुकाट्याने दोन किलो कांदे चिरून दिले.

दुसऱ्या दिवशी मामा खाटकासमोर उभे राहिले. कुठलं मांस हवं, असं त्याने विचारलं. "जे खूप वेळ शिजल्यावर हळूहळू गोडसर वास देतं ते," मामा म्हणाले. खाटीक क्षणभर विचारात पडला आणि त्याने पायाकडचं मांस काढून दिलं. त्याला हात लावायचं काम अर्थातच माझं! वाईनच्या दुकानात मामांनी अकरा बाटल्या हुंगल्या. दुकानदाराने प्यायला दिली तर म्हणाले, "नाईन, मी पीत नाही." आणि मग बागेत निखारे! भांड्याखाली निखारे, झाकणावर निखारे. ते पाहून मामा आनंदाने ओरडलेच, "अरे, हे तर आपलं भानोलं भाजतात तसं!" कांदा, मांस, वाईन, तमालपत्र, सगळं नाकाच्या हुकमावर. "थांब! घाई नको! अजून तो वास नाही आला!" दुपार कलली, निखारे दोनदा बदलले, माझे गुडघे धरले, आणि मामा भांड्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. अखेर एकदम थबकले. डोळ्यांत पाणी. "आला रे, आला! अगदी तोच!"

आम्ही सगळं खाणारे, तेव्हा मी म्हटलं, "मामा, चाखून बघू का?"

"खबरदार!" मामा पळी उगारून म्हणाले. "आमच्या घरी नैवेद्याच्या आधी कोणी चाखलंय कधी? ज्याच्यासाठी केलंय, त्याने आधी खायचं."

आजोबा टाय बांधून बाकावर येऊन बसले. मामांनी वाढलं आणि दोन्ही हातांनी अॅप्रन गच्च धरून उभे राहिले. आजोबांनी पहिला घास घेतला, चावला, तोंड वाकडं केलं, आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे मान वळवून जोरात हाक मारली, "साल्त्स! मीठ!"

खिडकीत कोणी नव्हतं.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. सगळं नाकाने केलं, आणि नाकाला मीठ कळत नाही! "मीठच राहिलं रे," ते पुटपुटले आणि मीठदाणी आणायला धावले. आजोबांनी त्यांचा हात पकडला.

"राहू द्या, हेर नाखबार. ती दर वेळी विसरायची. मी दर वेळी ओरडायचो. मग ती खिडकीतून मीठदाणी द्यायची."

त्यांनी ती अळणी ताटली पावाने पुसून संपवली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मामा शेजारी बसून राहिले. पुढच्या आठवड्यात आजोबा म्युनिकला गेले.

गुलाश केला त्या संध्याकाळी मामांनी कबूल केल्याप्रमाणे आंघोळ केली आणि पानावर येऊन बसले. मामींनी आमटी वाढली आणि रोजच्यासारखं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

मामांनी एक भुरका घेतला. म्हणाले, "बरोबर आहे. पण तू आपली विचारत जा."

मामांना इतक्या हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.